वायर

कुडचड्याला तेव्हा सगळंच तांबडं होतं.
खाणीचे ट्रक दिवसभर जायचे
आणि वाळत घातलेल्या चादरींवर, पावांवर,
इनासच्या गिटारच्या तारांवरही थर बसायचा.
तो फुंकर मारायचा, म्हणायचा,
गंजलेलीच बरी वाजते.

कॅसेट त्याच्या मामाने आणली. तारवटी माणूस,
लिव्हरपूलच्या धक्क्यावर कुठेतरी मिळाली म्हणे.
लपवून आणली, हे आम्हीच ठरवलं.
कव्हर नव्हतं. बँड कोणता, आजही ठाऊक नाही.
एकेक गाणं दीड मिनिटाचं,
पेजेला कढ येईपर्यंत दोन संपायची.
चर्चच्या मेस्ताने ऐकलं,
इनासला सात वर्षं व्हायोलिन शिकवलेला माणूस,
म्हणाला, ह्यांना सोलफेज येत नाही.
इनास म्हणाला, मेस्त, तेच तर.

मी ड्रमवर. ड्रम कसले,
चवथीच्या आरतीला वाजवायचो ते मातीचं घुमट,
एक पत्र्याचं पिंप
आणि उल्हासच्या बापाच्या गॅरेजमधली हबकॅप.
उल्हास बास वाजवायचा, दोनच तारांवर.
उरलेल्या दोन घ्यायच्या राहिल्या.
बँडचं नाव धुल्ल.
शब्द मी मराठीत लिहायचो,
इनास ते कोंकणीत ओरडायचा.
त्या वर्षी ह्याच दोन भाषांवरून
रस्त्यात टायर जळत होते.
आमचं फक्त तिसरं कडवं अडलं होतं.

लोकांसमोर एकदाच वाजवलं.
काकोड्याच्या कपेलाचं फेस्त,
मडगावचा बँड उशिरा येणार, तेवढ्यापुरते आम्ही.
पहिल्या खुर्चीवर खाणवाला. मांडव त्याच्याच पैशाचा.
दुसऱ्या गाण्यात इनास त्याच्याकडे बोट करून:
आमच्या बांयचें उदक पी मरे, एक कोप पी!
कुणीतरी वायर ओढली.
गिटार गेली, बास गेला, इनासचा आवाज
होता तेवढाच उरला.
घुमटाला वायर नसते
हे मला वाजवता वाजवता कळलं.
मग कुणीतरी तेही हातातून घेतलं.
एकूण नऊ मिनिटं.

इनास आता स्विंडनला, गोदामात, रात्रपाळी.
उल्हासचे दोन ट्रक आंब्याखाली उभे,
खाण बंद पडल्यापासून. त्यात कोंबड्या अंडी घालतात.
मी पंपसेट विकतो.

उल्हासची वेदिता एकोणीस वर्षांची,
लॅपटॉपवर संगीत करते.
तिने विचारलं, काका, पंक अजून महत्त्वाचं आहे का?
अजून दुखते का ती दाढ, असं विचारावं तसं.
मग तीच सांगत बसली,
ते कुणी संथ केलं, कुणी मशीनवर चढवलं,
कुणी नुसता राग उचलला
आणि कुणी नुसते केस.
मला निम्मं कळलं नाही.
तिने स्वतःचं एक लावलं.
मध्येच ठोका चुकतो. चुकलेला तसाच ठेवलाय,
पुसता आला असता, एका बटणावर.
मी काही बोललो नाही. चहा गार झाला.

परवाच्या रविवारी ग्रामसभा.
मेरसियान उभी राहिली, बाजारात चोरिसं विकणारी,
डोंगर कापायचा परवाना कुणी दिला ते विचारत.
धाप न टाकता, एका पट्टीत,
बेसूर, सगळी वाक्यं सारखीच तोडत.
सरपंचांनी मान हलवली. माईक बंद.
ती थांबली नाही.
तिला बहुधा कळलंही नाही.

वेदिताने फोनवर घेतलं सगळं.
मी ते इनासला पाठवलं, शब्द न लिहिता.
त्याच्याकडे पहाटेचे चार असतील.
मेरसियानबद्दल काहीच नाही,
डोंगराबद्दल नाही.
एवढंच आलं:
मागे कोण वाजवतंय?

खुर्ची प्लास्टिकची होती.
बोटं माझी.